सगळ्या गल्लीचा एकच नंबर

अंजनगाव सुर्जी,
गुरुवार

प्रिय कुलदीप,

तुला आणि घरच्या सगळ्यांना मावशीचे आशीर्वाद.

आधी तब्येती विचारते, मग बाकीचं. सुभद्रा कशी आहे? फोनवर ती “बरी हाय ताई” म्हणते, पण माझी धाकटी बहीण आहे ती, तिचं ‘बरी’ किती खरं ते मला ठाऊक. सकाळी उठल्यावर होणारा तो त्रास कमी झाला का? दाखवायची वेळ आलीच तर त्याच डॉक्टरीणबाईंकडे ने, ज्यांच्याकडे मी नेलं होतं. नव्या ठिकाणी सगळं पहिल्यापासून सांगताना ती अर्धमेली होते. खुशालराव भाऊजी संध्याकाळची गोळी चुकवत नाहीत ना? तुझे वडील आहेत म्हणून सांगते, गोळी कशाची हा विषय पाहुण्यांसमोर काढत जाऊ नका. ते बोलत नाहीत, पण ताटावरून उठतात. वर्षाली नीट जेवते का? ज्या उन्हाळ्यात ती माझ्याकडे राहायला होती तेव्हा मी तिला सकाळी जे करून द्यायची, ते तिनं सोडलं असेल तर पुन्हा सुरू कर म्हणावं. तिच्या माहेरची खुशालीही कळव. तिचा भाऊ गोपाल मजेत असणार. अकोल्याहून त्याचा आवाज परवाच माझ्या कानावर आला, चांगला खणखणीत होता. कसा आला ते पुढं लिहिते. अन् तू? तुला झोप लागते का रे? हे मुद्दाम शेवटी विचारलं.

माझं म्हणशील तर मला शुगर आहे, डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, उजव्याचा पिकून राहिला आहे, आणि गुडघे पायरी दिसली की रडायला लागतात. हे नावानिशी लिहायला मला काही वाटत नाही. माझं दुखणं आहे, मी ते बाजारात उभी राहून सांगीन. इकडे यंदा पानपिंपरीचे वेल छान चढलेत, केळीला मात्र वाऱ्यानं आडवं केलं. शेजारच्या हलीमाबी अजून दारात बसून सुपारी कातरतात आणि गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला अडवून, कुठं चाललास, ते विचारतात. तुझंही विचारलं त्यांनी. “कुलदीप साहब आजकल आते नईं?” साहब म्हणताना अडकित्ता जरा जास्तच जोरात दाबला.

तू आमच्याकडे आलास तो दिवस मला अजून आठवतो. तुमच्या गावची शाळा चौथीला संपायची, म्हणून सुभद्रानं तुला माझ्या ओसरीवर आणून सोडलं. तुझी पत्र्याची पेटी तुझ्याहून जड होती. पाचवी ते बारावी तू माझ्या घरी वाढलास. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. किराणा ज्या कागदात बांधून यायचा तो कागद झटकून, चुलीपुढं बसून अक्षर जुळवत होते, अन् अडलं की तुला विचारायची. तू हसायचास, पण सांगायचास. तुझे मावसाजी भगवंतराव म्हणायचे, “पोट्ट्यानं मावशीले साहेब करून टाकलं.” लहानपणी तुझी एक गोष्ट होती, बाबू. कुठली ते इथंही लिहीत नाही, तुला कळली असेल. घरात आणखी तीन पोरं होती, पण त्यातल्या एकालाही ती कधी समजली नाही, कारण पहाटे सगळे उठायच्या आत मी धुणं उरकून टाकायची. आज तू मोठा झालास, अमरावतीला राजापेठेत राहतोस, सरकारी आरोग्याच्या कार्यालयात सगळ्या लोकांच्या आजारांची माहिती तुझ्या हाताखालून जाते. ते ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं, बरोबर माणसाच्या हाती गेली. त्याला झाकून ठेवणं म्हणजे काय ते माहीत आहे.

मागच्या वर्षी पोळा झाल्यावर तू आलास. गळ्यात ओळखपत्र, गाडीतून उतरलास तेव्हा अख्खी गल्ली दारात उभी होती. सिकलसेलची तपासणी करायची होती, तरण्या बायापुरुषांची अन् लेकरांची. तू माझ्या ओसरीवर बसून म्हणालास, “मावशे, बाया सुईले भेत नाईत तेवढ्या नावाले भेतात. तू सांगशीन त येतीन.” मी सांगितलं. चप्पल घालून दारोदार गेले. हलीमाबींनीच आढेवेढे घेतले. म्हणाल्या, “जमुनाबाई, सुई का डर नईं जी. एक दफा बीमारी के साथ नाम लिखा गया, फिर लोगां लडकी का नाम बाद में लेते, बीमारी का पहले.” मी म्हटलं, “हलीमाबी, लिवनारं माह्या हातचं पोट्टं हाय.” त्यावर त्यांनी डोक्यावर ओढणी घेतली आणि सुना-नातवंडांसकट निघाल्या. शाळेच्या पटांगणात तू माईकवर बोललास. माहिती कुलपात राहील, तुमच्याशिवाय अन् डॉक्टरशिवाय कुणालाही दिसणार नाही, असं म्हणालास. पहिली टाळी माझी होती.

मग ते मशीन. त्यावर नाव, वय, आधार, अन् त्यानंतर मोबाईल नंबर. नंबराची जागा रिकामी ठेवली की मशीन पुढं सरकत नव्हतं. आपल्या गल्लीत फोन असतो नवऱ्याच्या खिशात, अन् नवरा असतो वावरात. मशीनवाली मुलगी वैतागून म्हणाली, “काकू, कोनाचाबी टाका, पन टाका.” मग माझा टाकला. एकीला टाकला तसा दुसरीला, मग सगळ्या गल्लीलाच. आचलच्या फोनचं रिचार्ज संपलेलं, म्हणून माझ्या नातीच्याही नावापुढं माझाच. जिचं नाव चढायचं तिचा ओटीपी माझ्या फोनवर यायचा, आणि मी चष्मा नाकावर ओढून आकडे ओरडायची, जसा संत्र्याचा लिलावच चालला आहे. हलीमाबी म्हणाल्या, “आज से पूरी गल्ली जमुनाबाई के नाम पे.” तू खुर्चीत बसून हसत होतास. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. नंबराची ही गोष्ट ध्यानात ठेव, पुढं कामाला येणार आहे.

कार्डं आली ती बंद पाकिटांतून. आपली आशाताई पार्वताबाई, जी गल्लीतल्या प्रत्येक बाळंतपणाला धावली, ती घरोघर जाऊन ज्याचं त्याच्या हातात देत होती. मी आचलचं पाकीट मागितलं तर म्हणाली, “बाई, पोरगी सज्ञान हाय. तिचं तिलेच देईन, तुमी चहा मांडा.” मला तेव्हा राग आला होता, खोटं कशाला सांगू. आचलनं पाकीट फोडलं. आत पिवळं कार्ड होतं, म्हणजे वाहक. पोरीचा चेहरा उतरला तसा पार्वताबाईनं कप खाली ठेवला आणि तिला समजावलं, “वाहक म्हंजे बिमार नाई, पोरी. तुले काई होनार नाई. फकत लग्नाच्या आंधी पोराचंबी रक्त तपासाचं. तोबी वाहक निंगाला त डॉक्टरले इचाराचं, कावून का मंग लेकराले त्रास होऊ शकते. एवढीच गोठ हाय.” आचलचं हे मी इथं लिहिते आहे ते तिला विचारून. ती म्हणाली, “लिही आजी. माझं आहे ते.”

तिचं अकोल्याचं स्थळ जुळलं होतं हे तुला ठाऊक आहे. मुलगा नोकरीवाला, बोलायला बरा, आचलला आवडला होता. तुळशीचं लग्न झालं की साक्षगंध करायचं ठरलं. त्याच्या आधीच्या रविवारी ते लोक साडी पसंत करायला यायचे होते. आचलनं मनाशी पक्कं केलं होतं की त्या दिवशी मुलाला बाजूला घेऊन आपलं कार्ड स्वतः दाखवायचं, अन् तुमचंही तपासून घ्या म्हणायचं. ती त्याची तालीम करायची, बाबू. मेथी निवडता निवडता मला मुलगा व्हायला लावायची. “मला तुम्हाला एक सांगायचं आहे,” असं म्हणायची, अन् मी मिशीवर बोट फिरवून जाड आवाजात, “बोला बाप्पा, लाजून काऊन राहिल्या?” मग दोघी हसून हसून मेथी सांडायचो. कधी ती नीट सांगायची, कधी अडखळायची, पण रोज थोडी धीट होत होती. रविवार उजाडायच्या आधीच मुलाच्या वडिलांचा फोन आला. मुलीच्या रक्तात खोट आहे, तुम्ही लपवलं, आम्हाला बाहेरून कळलं, पुढं बोलणं नको. फोन आचलनंच उचलला होता. ती “हो” म्हणाली, ठेवला, अन् मला म्हणाली, “आजी, मी लपवलं नव्हतं ना?”

लग्न मोडल्याचं मला दुःख नाही. जो मुलगा स्वतःचं रक्त न तपासता दुसऱ्याच्या पोरीला खोट काढतो, तो आमच्या दारात न आलेला बरा. त्याचं रक्त आजपर्यंत कुणी तपासलेलं नाही. मला झोंबलं ते वेगळंच. पोरीनं आपल्या तोंडानं सांगायचं म्हणून इतके दिवस जे तयार केलं, ते तिच्या तोंडातून कुणीतरी काढून नेलं, अन् वर तिलाच लबाड ठरवलं. ती आता माझ्याजवळ भाजी निवडायला बसत नाही.

तेव्हा मला वाटलं, गल्लीतूनच कुणी बोललं असेल. मग माझ्या फोनवर फोन यायला लागले. अकोल्याच्या एका वधू-वर सूचक केंद्रातून, गोड आवाजाची मुलगी. “तुमच्याकडे आचल आहे ना? अशा मुलींसाठी आमच्याकडे स्थळं आहेत. वय थोडं जास्त आहे, एक-दोन बिजवर आहेत, पण समजून घेणारे आहेत.” मी फोन आपटला. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी, तोच गोडवा, पण विचारत होती गल्लीतल्या दुसऱ्याच पोरीला. तिसऱ्या वेळी आणखी तिसरीला. बिचारीला कळतच नव्हतं की ती दर वेळी एकाच म्हातारीशी बोलून राहिली आहे. त्या पोरी कोण ते मी लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही. पण तिसऱ्या फोनला माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माझा नंबर आणि या सगळ्या पोरींची नावं जगात एकाच ठिकाणी एकमेकांना बांधलेली होती. त्या शाळेच्या पटांगणात, तुझ्या मशीनमध्ये.

मी तुला फोन केला. तुला आठवत नसेल तर तुझेच शब्द लिहिते. “मावशे, डेटा हाय तो. आजकाल कोनाचा फिरत नाई? बँकेतून फिरते, सिमकार्डातून फिरते. तू टेन्शन काऊन घेऊन राहिली?” मी म्हटलं, आचलचं लग्न मोडलं. तर तू म्हणालास, “पार्वताबाईच्या डायरीतून गेलं असन. या आशा लोकायले समज नसते.” बस. त्यानंतर तू माझा फोन उचलला नाहीस. आचलच्या वडिलांनी तक्रार केली, चौकशी लागली, आणि चौकशीत जो कागद पुढं आला त्यावरही तेच लिहिलेलं. माहिती आशा कार्यकर्तीकडून फुटल्याचा संशय. खाली सही तुझी. पार्वताबाईला नोटीस आली आहे. येत्या बुधवारी अमरावतीला तिची सुनावणी आहे, अन् तिला काढतील असं सगळे म्हणतात. नवरा खाटेवर आहे तिचा, घर तिच्या मानधनावर चालतं. पण त्याहून वाईट सांगू? ज्या घरांच्या बाळंतपणाला ती रात्री-अपरात्री धावली त्यातल्या दोन घरांनी तिला पाणी विचारणं बंद केलं. परवा ती माझ्या उंबऱ्याशी उभी राहून म्हणाली, “बाई, मी आत येऊ का?” इतक्या वर्षांत तिनं असं कधी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी मी ठरवलं. हलीमाबींच्या अंगणात बसलो, मी, पार्वताबाई, आचल आणि हलीमाबी. फोन त्यांच्या मुलाचा, अय्युबचा. माझा नंबर पाहून त्या केंद्रवाल्यांना शंका आली असती. अय्युबनं मोठ्या आवाजावर लावून दिला. मी झाले दर्यापूरची गोदाबाई, भाच्यासाठी मुलगी शोधणारी. मुलीनं फोन मालकाला दिला, आणि आवाज ऐकून माझ्या हातातली सुपारी खाली पडली. तुझा साळा, गोपाल. तुझ्या लग्नात ज्यानं माझ्या पाया पडून शेला दिला होता, तो. त्यानं मला ओळखलं नाही. मी म्हटलं, “पोरगी पायजे बाप्पा, पन ते रक्ताचं काय ते नसलं पायजे.” तर म्हणतो, “मावशी, तुमी बिनधास्त राहा. आपल्याजवळ पुऱ्या तालुक्याचा डेटा हाय, सरकारी. दुसऱ्या केंद्रात नाई भेटनार.” मी म्हटलं, “सरकारी कायवरून? मले त बनेलपना वाटते.” त्याला राग आला. “ओ मावशी, घरचा मानूस हाय ऑफिसात. आमचे जवाईच हायत. एका फाईलीत सगळं देल्लं.” आणि मला पटावं म्हणून वाचायला लागला. गावांची नावं, मग अंजनगाव, मग आपली गल्ली. “हे पाहा, ही आचल. हिचं त नावच घेऊ नका.” अन् तिच्या नावापुढचा नंबर त्यानं एक एक आकडा करून वाचला. माझा नंबर, माझ्याच कानात.

मी “बरं बाप्पा, कळवतो” म्हणून फोन ठेवला. हलीमाबी म्हणाल्या, “इत्ता तो राशन कार्ड पे भी नईं चढा तुमारा नंबर.” अय्युब हसला. आचलही, किती दिवसांनी, थोडीशी हसली. पार्वताबाई हसली नाही. पदर तोंडाला लावून म्हणाली, “त्यानं ज्या गावायची नावं वाचली ना बाई, त्या गावायत मी कदी गेलीबी नाई.” अय्युबच्या फोनवर बोललेलं आपोआप साठून राहतं. तो फोन आता माझ्या पेटीत, साड्यांच्या खाली आहे. अय्युब कुरकुर करतो, पण नवा घेईपर्यंत जुना वापरून राहिला आहे.

तुला वाटत असेल, मावशी रागावली आहे, होळीपर्यंत निवळेल. तुझी आईही तेच म्हणाली. परवा सुभद्रा फोनवर रडली, “ताई, पोटचा नाई तरी हातचा हाय, सोडून दे.” मी तिला सांगितलं, “सुभद्रे, हातचा हाय म्हनूनच सोडत नाई.” परक्यानं केलं असतं तर मी कपाळावर हात मारून बसले असते. तुझी नोकरी कंत्राटातून कायम व्हावी म्हणून मी मारुतीला नारळ बोलले होते, आठवतं? मागच्या शनिवारी देवळात जाऊन तो नवस मागं घेतला. पुजारी म्हणाला, “आजी, असा नवस मांगं घेता येत नसते.” मी म्हटलं, देवालाच विचारते, तू मध्ये बोलू नको. यंदाच्या कुरड्या, मूगवड्या तुझ्या घरी येणार नाहीत. कार्तिकात तुझ्या नव्या घराच्या वास्तूचं बोलावणं आलं होतं, ते आचलच्या आईनं चुलीत घातलं, मी अडवलं नाही. तुझी कायम व्हायची ऑर्डर निघू नये असं मला वाटतं का, तर वाटतं. ज्या खुर्चीतून तू पार्वताबाईवर सही केलीस ती खुर्ची तुझ्याखालून जावी, असं रोज दिवा लावताना वाटतं. अन् आणखी एक ऐक. मागच्या महिन्यात तुमच्याकडच्या मुली पुन्हा मशीन घेऊन आल्या, राहिलेल्या लेकरांचं रक्त घ्यायला. एकाही बाईनं हात पुढं केला नाही. मला म्हणाल्या, तुम्ही सांगितलं होतं मागच्या वेळी. त्या न तपासलेल्या लेकरांत एखादं खरंच आजारी असलं तर आता ते कुणाला वेळेवर कळणार नाही. तेही तू दिलेल्या त्या फाईलीतच मोजायचं.

आता हे पत्र कावून लिहिलं ते सांगते. राजापेठेतल्या घरी पाठवलं असतं तर तू वाचून फाडलं असतंस अन् वर्षालीला म्हणाला असतास, मावशीचं नेहमीचंच. तुझे मावसाजी जन्मभर सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसले. जेवता जेवता सांगायचे, माणसाच्या नावानं आलेलं पत्र माणसाकडे जातं, पदाच्या नावानं आलेलं पत्र कचेरीचं होतं. म्हणून या लिफाफ्यावर तुझं नाव कुठंच नाही. तुझं पद आहे अन् कार्यालयाचा पत्ता आहे. कोपऱ्यात ‘खाजगी’ किंवा ‘गोपनीय’ असंही मी लिहिलेलं नाही, पेन हातात असूनही. त्यामुळं आवकच्या कारकुनानं ते फोडलं असेल, पहिल्या पानावर शिक्का मारून क्रमांक टाकला असेल, आणि वाचलं असेल. घरच्या गोष्टी निघाल्या की कुणी मध्येच सोडत नाही. मग ते तुझ्या साहेबांपुढं गेलं असेल, अन् त्यांनी समासात काही लिहून खाली सही केली असेल. तुझ्या हातात ते आता आलं आहे, सगळ्यांत शेवटी, अन् ते फाडायची तुला मुभा नाही. तुला घाम फुटला असेल, की मावशीनं आईचं, बाबांचं, वर्षालीचं दुखणं कचेरीत उघडं केलं. तर पुन्हा वर जा आणि सुरुवात वाच. एकाच्याही आजाराचं नाव तिथं नाही. मला सगळ्यांचे ठाऊक आहेत, तुझ्या मशीनमध्ये नसतील इतके, कारण त्या त्या वेळी उशाशी मी बसले होते. लिहिता आलं असतं. माझं लिहिलं, आचलला विचारून आचलचं लिहिलं, अन् तुझं लिहिलं. तू केलंस ते काही दुखणं नाही, ते झाकून ठेवायला मी पहाटे उठणार नाही. बुधवारी पार्वताबाईबरोबर मी, आचल आणि हलीमाबी पहिल्या एस.टी.नं येतोय, अय्युबचा फोन घेऊन. त्याआधी तुला एक वाट मोकळी ठेवली आहे. फाईल मी दिली, पार्वताबाईनं नाही, एवढं तुझ्या साहेबांना तुझ्या हातानं लिहून दे, आणि त्याची नक्कल मला पाठव. अक्षर नीट काढ, मला आता एकाच डोळ्यानं दिसतं. उत्तर लवकर लिही, बुधवारच्या आत. पत्र पोचायला उशीर होईल असं वाटलं तर फोन कर. नंबर तोच आहे, सगळ्या गल्लीचा. तुझ्याकडे आहेच, नसला तर गोपालला विचार.

तुझीच,
जमुनामावशी